ताईचं औषध

माझी नणंद निशिगंधाताई शास्त्रज्ञ आहेत. रक्त ज्या मूळ पेशींपासून तयार होतं, त्या पेशींवर त्यांचं काम चालतं. हे वाक्य मी लग्नानंतर पाठ केलं आणि राजूरच्या बायांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. "म्हणजे डॉक्टर का?" "नाही." "मंग औषध कोणाले देते?" "अजून कोणालेच नाही." यावर बाया ज्या नजरेनं बघायच्या, ती मी ताईंपर्यंत कधी पोचू दिली नाही.

औषध कोणासाठी, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. माझा नवरा राजदीप हा ताईंचा धाकटा भाऊ, आणि त्याला सिकलसेल आहे. त्याच्या तांबड्या पेशी मधूनच विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग कोळशाच्या वजनकाट्यावर दिवसभर ट्रकवाल्यांना दटावणारा हा माणूस गादीवर लहान पोरासारखा तळमळतो. लहानपणी ताईंनी हे पाहिलं आणि ठरवलं, यावर औषध शोधायचं. राजूरहून वणी, वणीहून नागपूर, मग हैदराबाद, जर्मनी, शेवटी पुणे. लग्न करायचं राहून गेलं. ते त्यांच्या लक्षात आलं तोवर आम्ही विचारणंच सोडलं होतं.

एकदा मी पोळ्या लाटत असताना त्यांनी मला सगळं समजावलं. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं, ते असं वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं बंद करतं. पण कृती पुसली जात नाही, तिला नुसतं कुलूप लागतं. मूळ पेशींमधलं ते कुलूप उघडलं, तर मोठा माणूसही पुन्हा बाळासारखं रक्त बनवू शकेल. ऐकता ऐकता माझी पोळी करपली. ताईंचं अर्धं आयुष्य त्या एका कुलपापुढे गेलं.

दर खेपेला त्या बर्फाचा डबा घेऊन यायच्या आणि राजदीप रक्त द्यायला चहाच्या आधी बाही वर करायचा. एकदा तर नागपूरला जाऊन त्यानं कमरेच्या हाडातली मज्जाही दिली. आठवडाभर वाकडा चालत होता, पण काट्यावर ऐटीत सांगायचा, "माह्या पेशी पुण्याले जित्या हायेत."

मागच्या भीमजयंतीला ताई खुशीत होत्या. त्यांच्या औषधानं राजदीपच्या पेशींमधलं कुलूप उघडलं होतं, तिकडे प्रयोगशाळेत, काचेच्या ताटलीत. आता माणसांवर चाचणी होईल, असं वाटत होतं. जेवताना वरणाची वाटी पुढे करत त्या सहज बोलून गेल्या, की चाचणीत ज्यांना घेतात त्यांची आधीची गोळी काही महिने बंद असावी लागते.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसं माझ्या नवऱ्यानं केलं. दुसऱ्याच दिवसापासून गोळी बंद. सरकारी दवाखान्यातली, रोजची, जिच्यामुळे त्याचं इतकी वर्षं बरं चाललं होतं ती. मला सांगितलंसुद्धा नाही. पाकिटातून काढायचा आणि मोरीत टाकायचा. पावसाळ्यात दोनदा भरती करावं लागलं तेव्हा मला कळलं. वणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळी ताबडतोब सुरू करा म्हणून सांगितलं. मी भांडले, रडले. तो ढिम्म.

"ताईचा फोन येईन अन् मी गोळीवर असीन, तर माहा नंबर जाईन," म्हणाला. ताईंना कळवायचं नाही म्हणून मला गळ्याची शपथ घातली. ती मी दुसऱ्या दिवशी, मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत, ताईंना फोन करून मोडली.

रविवारी सकाळी ताई आल्या. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं. नेहमी उंबऱ्यातून मोठ्यानं "जय भीम" करणाऱ्या ताई नुसत्या येऊन खुर्चीत बसल्या. राजदीपनं बाही वर केलेलीच होती.

"डबा कुठी हाय?"

"नाही आणला."

"मंग रक्त कशात नेशीन?"

"काम बंद झालं, राजा." त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. "ते एक कुलूप उघडत होतं, पन संगं भलतेच कुलपंही उघडत होते. उंदरांले रक्ताचा कॅन्सर झाला. मीच पाह्यलं, अन् मीच सांगतलं का हे थांबवा म्हणून."

"माह्या पेशीत तं चाललं होतं ना?"

"ताटलीत चाललं."

"त्या माह्याच हायेत ना पन?"

"ताटलीतल्या पेशीले बायको नसते, राजा. तिले म्हातारपनापर्यंत जगा लागत नाही."

राजदीपनं मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, समजूत घातल्यासारखी. "मंग आनखी टाइम लागन. मी थांबतो."

ताई शास्त्रज्ञांच्या सभेतल्या भाषेत सुरू झाल्या. पुढे दुसऱ्या दिशेनं विचार होऊ शकतो, आणखी अभ्यासाची गरज आहे. मला राग आला. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी माझा जीव मेटाकुटीला आला होता.

"ताई, तुमी 'पुढं' म्हनता अन् हे इथं वाट पाह्यतेत. वाट पाहून पाहून मरून जातीन हे. सरळ सांगा."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मोठमोठ्या लोकांसमोर त्यांनी सगळे आकडे मांडले असतील, चुका कबूल केल्या असतील. पण पुढचं वाक्य त्यांनी स्वतःशीही म्हटलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"माहं औषध येनार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या नाही अन् नंतरही नाही. माह्या हातून झालं नाही. मी हरली, राजा. तू गोळी घे."

राजदीपचे डोळे भरले. स्वतःसाठी नव्हे. बहिणीला असं बोलावं लागलं म्हणून. त्यानं माझ्यापुढे हात केला. मी गोळी दिली, पाणी दिलं, त्यानं गिळली. माझे खांदे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सैल पडले.

मग तो ताईंच्या खुर्चीजवळ खाली बसला.

"थकली तू," तो म्हणाला. "जेव, झोप. चार दिवस राह्य. मंग दुसरं सुरू कर. तू सांगशीन तवा मी गोळी पुन्हा बंद करतो."

"नाही!" ताई ओरडल्याच. "माह्या सांगन्यानं कधीच बंद करायची नाही. समजलं?"

"बरं," राजदीप म्हणाला.

त्याचं असं मऊ 'बरं' मला चांगलं ओळखू येतं. ते मनापासूनचं नसतं. ताईंनाही ते ओळखू आलं, आणि त्या तोंडावर ओढणी घेऊन ढसाढसा रडायला लागल्या. काम बंद पडलं तेव्हाही आपण रडलो नव्हतो, असं नंतर त्यांनीच मला सांगितलं. कोणी आपल्यावर इतका विश्वास ठेवतो, याची त्यांना त्या दिवशी भीती वाटली. मलाही वाटली.