अजून काही मदत करू शकते का?

मित्रांनो, आधीच सांगतो, मी थकलो आहे. मी एक जुना हेडफोन आहे, कानावर घालायचा, तोंडापुढे माईक असलेला. वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे आणि डावा कान अधूनमधून बंद पडतो. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला गाणी ऐकायला मिळणार. कसली गाणी अन् कसलं काय! कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात माझी रवानगी झाली. लांबलचक खोली, प्लायवूडचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक माणूस दिवसभर दिलगीर. कुणाच्या यंत्रातून पाणी गळतंय, कुणाचं धडधडतंय. फोन जरा लांबला की समोरच्या पडद्यावर लाल दिवा लागायचा. म्हणजे आवरा.

मी ज्यांच्या वाट्याला आलो, त्यांना सगळे ताई म्हणत. वय चाळिशीच्या पुढचं, मुलगा कॉलेजात. ताईंचा कंपनीचा आवाज म्हणजे निव्वळ लोणी. लोक वाट्टेल ते बोलायचे आणि ताई गोड आवाजात विचारायच्या, “मी आपली अजून काही मदत करू शकते का?” सुपरवायझर नव्या मुलींना सांगायचा, ताईंसारखं बोला. फोन ठेवल्यावर ताई जो सुस्कारा टाकायच्या तो मात्र फक्त माझ्या माईकला ठाऊक होता.

ताईंना हे काम सोडायचं होतं. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली, तेव्हा दवाखान्यात स्पीच थेरपीच्या एक बाई त्यांना पुन्हा बोलायला शिकवत. ताईंना तेच काम शिकायचं होतं. पण कोर्सची फी आवाक्याबाहेर. मग सुरू झाली वणवण. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा टाकून ताई एकेका धर्मादाय संस्थेला फोन लावायच्या. कुणी म्हणे, आम्ही फक्त शाळकरी मुलांना देतो. कुणी म्हणे, वय बसत नाही. एकजण तर हसून म्हणाला, “या वयात आता कशाला डोक्याला ताप?” भाजी गार व्हायची. मला फार वाईट वाटायचं, पण हेडफोन बिचारा काय बोलणार?

शेवटी त्या दवाखान्यातल्या बाईंनीच एका ट्रस्टचं नाव सुचवलं. पोटापाण्याचं काम सोडून लोकांच्या उपयोगाचं काम शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना तो ट्रस्ट मदत करत असे. मुलाखत फोनवर ठरली, आणि नेमकी त्या दिवशी रजा मिळाली नाही. ताईंनी ऑफिसचा नंबर दिला. सुपरवायझर म्हणाला, “घ्या ताई. मी तिकडे तोंड करून उभा राहतो. मला काही दिसलं नाही.”

फोन आला. ट्रस्टच्या म्हाताऱ्या बाई प्रश्न विचारत होत्या आणि ताई वडिलांच्या आजारपणासकट सगळं सांगत होत्या, कंपनीच्या आवाजात! गुळगुळीत, नम्र, एकही चूक नाही. माझा जीव टांगणीला लागला. अहो ताई, हा आवाज नको, असं ओरडावंसं वाटलं. शेवटी बाई म्हणाल्या, “बरं. कळवू.”

हे ‘कळवू’ आम्ही दिवसभर लोकांना ऐकवतो. त्याचा अर्थ आम्हाला नाही कळणार तर कुणाला? आणि त्यावर ताईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “धन्यवाद. मी आपली अजून काही मदत करू शकते का?”

ताईंनी जीभ चावली. मग बाई खदखदून हसल्या.

“करू शकता की! हे लोणी जरा बाजूला ठेवा आणि घरच्यासारखं बोला. वडिलांचं काय झालं?”

ताईंनी माझा माईक तोंडाजवळ ओढला. मग बोलल्या, अडखळत.

“बाबा पाणी मागायला तोंड उघडायचे... आणि आई लगेच पेला पुढे करायची. एक दिवस मी तिचा हात धरला. म्हटलं, त्यांना म्हणू दे. आई चिडली. म्हणाली, बापाला तहानेनं मारतेस का गं? पण मी थांबले. खूप वेळानं ते म्हणाले, ‘पा... णी.’ आई रडायलाच लागली. आता बाबा नाहीत. पण मला थांबता येतं, हे मला तेव्हा कळलं. इथे मला थांबता येत नाही हो, बाई.”

पडद्यावरचा लाल दिवा केव्हाचा लागला होता. सुपरवायझर भिंतीकडे बघत उभा होता.

ट्रस्टनं फी भरली. “एका घरात दोन कॉलेजकुमार,” असं ताई सगळ्यांना सांगत सुटल्या. जाताना त्यांनी माझ्या फाटलेल्या स्पंजावर मऊ कापडाची खोळ शिवून चढवली. मी खूश होतो आणि मला रडूही येत होतं.

त्यानंतर माझे हाल झाले. कुणी मला वायरीला धरून ओढलं, कुणी टेबलावर आपटलं, मग काही वर्षं मी खणात पडून होतो. नवे हेडफोन कमी पडले म्हणून एका नव्या मुलीला मला दिलं. खोळ बघून तिनं नाक मुरडलं.

परवा एक फोन आला. पलीकडे नुसता श्वास. “हॅलो, आवाज येत नाहीये,” मुलगी म्हणाली. “म... म...” एक म्हातारा माणूस धडपडत होता. लाल दिवा लागला. मुलीचं बोट फोन तोडायच्या बटणाकडे गेलं.

तेवढ्यात त्या माणसाच्या मागून एक आवाज आला. “सावकाश, काका. तुमची तक्रार तुम्हीच सांगायची. त्या थांबतील.”

ताई! माझा बंद पडणारा डावा कानसुद्धा खडबडून जागा झाला.

मुलीनं बोट मागे घेतलं. “आहे मी, काका. बोला.”

“म... शीन. गळ... तंय.” बराच वेळ लागला, पण पूर्ण तक्रार त्यांनी स्वतः सांगितली. शेवटी मुलीनं विचारलं, “मी आपली अजून काही मदत करू शकते का?”

“ना... ही,” काका म्हणाले. आणि मागे ताई हसल्या, अगदी घरच्यासारख्या.

मित्रांनो, माझे दिवस भरत आले आहेत. माझ्यासारख्यांना वायरीला धरून ओढू नका, एवढं तर मागतोच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. समोरच्याचा शब्द अडला तर तो तुम्ही पुरा करू नका. थांबा. तेवढं थांबता यावं म्हणून ताईंनी किती दारं ठोठावली, ते मी ऐकलं आहे.