पुसलेले महिने

अनवधानाने घडलेल्या चुकीला क्षमा असते. परंतु ती चूक दुसऱ्याच्या माथी बसत असताना आपण गप्प राहिलो, तर त्या मौनाला अनवधान म्हणता येत नाही. जीवशास्त्र विभागातील वृद्ध प्राध्यापक हे जाणून होते, आणि तरीही कालपासून गप्प होते.

नव्या संशोधन केंद्राची पाहणी करण्यास काल समिती यायची होती. डीप फ्रीजरमधील नळ्यांवर हिमाचा थर साचलेला. सरांनी हौसेने त्या नळ्या डब्याच्या खाचांतून काढून ट्रेमध्ये ओतल्या आणि स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसल्या. हिमाबरोबर मार्करची शाईही गेली. नळीला स्पिरिट लागू देऊ नका, असे आयुष्यभर बजावणारे तेच. समितीने मात्र स्वच्छतेचे कौतुक केले.

नळ्या त्यांच्या विद्यार्थिनीच्या होत्या. वर्षभर दरमहा तळ्यात उतरून तिने शेवाळ गोळा केले होते. आता कोणते कोणत्या महिन्याचे, हे सांगायला ना नाव उरले, ना क्रम.

"चुकलंच माझं, सर. स्वस्तातला मार्कर घेतला," ती म्हणाली.

"ताई, तुझी शाई तुझ्यासारखीच," शेजारच्या टेबलावरचा सहाध्यायी म्हणाला. "थंडी वाजली की गायब."

ती हसली, पण डोळे भरून आले. "आई रोज विचारते, कधी संपणार तुझं? आता सांगू, आणखी एक वर्ष."

सरांनी चष्मा काढून ठेवला. "बस, पोरी. शाई चांगली होती. नळ्या मी पुसल्या. स्पिरिटनं."

सहाध्याय्याने मान खाली घातली.

"मग काल का नाही बोललात?"

"जीभ रेटली नाही."

"रात्रभर मी स्वतःला शिव्या घालत होते, सर."

तिने खुंटीवरचे गमबूट काढले. सरांनीही दुसरा जोड उचलला.

"तुम्ही काठावरच थांबा," ती रुक्षपणे म्हणाली. "नाहीतर शेवाळाआधी तुम्हालाच बाहेर काढावं लागेल."

ती तळ्याच्या गुडघाभर पाण्यात उतरली. काठावर बसून सर प्रत्येक नव्या नळीवर महिन्याचे नाव सुईने कोरू लागले, पुसले जाऊ नये असे. तिचे गेलेले वर्ष त्यांना परत देता येणार नव्हते.

तिचे हे वर्ष तरी सुफळ होवो; आणि कोरणाऱ्या त्या हातालाही स्वस्थता लाभो.