वाटेत असलेली खुर्ची

सही करताना माधवीला स्वतःचं नाव लिहायची परवानगी नव्हती. ग्राहकांना जाणाऱ्या प्रत्येक ईमेलखाली ‘अनुराधा, ग्राहक सेवा’ असंच यायचं. वेबसाइटवर अनुराधाचा फोटोही होता, कानाला हेडफोन लावून हसणाऱ्या कुणा मॉडेलचा.

इंटरनेटवर दुकानं निघायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाची गोष्ट. बेगम बाजारातल्या हिम्मतरावांचा मुलगा हर्षवर्धन अमेरिकेहून परतला आणि बापाच्या घाऊक धंद्यात न बसता त्यानं नारायणगुड्यात माडीवर दोन खोल्या घेऊन वेबसाइट काढली. परदेशातल्या मुलांनी तिथून ऑर्डर द्यायची आणि हैदराबादेतल्या आईवडिलांना वस्तू घरपोच मिळायची. वेबसाइटची पानं विक्रम बनवायचा, ग्राहकांना उत्तरं माधवी द्यायची.

कौस्तुभ नावाच्या ग्राहकानं तारनाक्याच्या पत्त्यावर चाकाची खुर्ची मागवली होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानं विचारलं की माधवी लिहायची, ‘आपली वस्तू वाटेत आहे.’ हर्षवर्धननं तिला तसंच सांगितलं होतं, माल चेन्नईहून येतोय म्हणून. तिचाही विश्वास होता.

एका सकाळी कौस्तुभचा ईमेल आला. मावशी वारली होती. आईला बहिणीचं शेवटचं तोंड बघायचं होतं, म्हणून शेजाऱ्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. खुर्चीचा पाय मोडला. आई पडली, हात मोडला, आणि बहीण बघायची राहिली ती राहिलीच. खाली एकच ओळ होती: ‘अनुराधा, तुम्हाला आई आहे का?’

माधवी उठून विक्रमच्या टेबलाशी गेली.

“ती खुर्ची नेमकी कुठाय?”

विक्रमनं मान वर केली नाही. “कुठली?”

“चाकाची. चेन्नईहून निघालेली.”

“अगं, चेन्नई-बिन्नई काही नाही. फोटो मी दुसऱ्या एका साइटवरून उचलला. सर म्हणाले, आधी टाकून बघू. भरपूर ऑर्डरी आल्या तर एकदम माल उचलू.” मग तिचं तोंड बघून तो म्हणाला, “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

माधवी तशीच पर्स घेऊन निघाली आणि तारनाक्याची बस धरली. ती राहायचीही तारनाक्यातच. पत्ता शोधावा लागला नाही.

दार कौस्तुभच्या वडिलांनी, तातेरावांनी उघडलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ म्हातारे. आत पलंगावर त्याची आई, भामाबाई, मोडलेला हात गळ्यात अडकवून भिंतीकडे बघत पडल्या होत्या.

“खुर्चीच्या कंपनीतून आलेय, काका.”

“आणली?”

“नाही.”

“वाटेत आहे, वाटेत आहे. वाट म्हणजे कुठली, ते तरी सांगा. जन्म गेला माझा रेल्वेत. गाडी कुठल्या टेसनात अडकलीय, एवढं आम्हाला सांगता यायचं.”

“ती निघालीच नाही, काका. आमच्याकडे खुर्ची कधी नव्हतीच.”

“तुमची ती अनुराधा भेटली की तिला म्हणावं—”

“मीच ती. माझं नाव माधवी.”

“मग तूच ऐक. चालती हो.”

ती चालती झाली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप, हर्षवर्धनचा आणि तितकाच स्वतःचा.

ऑफिसात हर्षवर्धन फोनवर होता. तो संपेपर्यंत ती समोर उभी राहिली.

“सर, खुर्चीचं पान काढा. आणि लोकांना खरं सांगा.”

“इतकं परेशान व्हायचं काय त्यात? धंदा असाच सुरू होतो. आणि शिव्या तुला कुठं पडतायत? अनुराधाला पडतायत.”

“आज मला पडल्या. तोंडावर.”

“तुला जायला कुणी सांगितलं होतं?”

त्याचा फोन पुन्हा वाजला. तो बोलत बोलत गॅलरीत गेला. माधवी आपल्या जागेवर बसली आणि खुर्चीसाठी थांबलेल्या प्रत्येकाला तिनं लिहिलं: ‘खुर्ची आमच्याकडे नाही, कधीच नव्हती. वाटेत आहे असं मी लिहिलं, ते खोटं होतं. दुसरीकडून घ्या.’ खाली नाव घातलं, माधवी सोनकांबळे.

मग ती विक्रमच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. “पान काढ.”

“माझी नोकरी जाईल, माधवी.”

“माझी गेलीच आहे. काढ. नाहीतर त्या बाईला तूच जाऊन सांग, तो फोटो कुठून उचललास ते.”

विक्रमनं एकदा गॅलरीकडे पाहिलं. मग पान काढून टाकलं.

हर्षवर्धन आत आला तेव्हा उत्तरं यायला लागली होती. पडद्यावरची पहिली दोन वाचूनच त्याचा चेहरा उतरला. माधवीनं काय केलं ते कळल्यावर तो इतका ओरडला की खालच्या दुकानातली माणसं जिन्यात आली. “तुझ्यासारखीला घेतलं हेच चुकलं,” तो म्हणाला. तुझ्यासारखी म्हणजे कशी, ते माधवीनं त्याला जिन्यातल्या माणसांदेखत पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं डबा उचलला आणि उतरून गेली.

पुढं वेबसाइट चालूच राहिली. माधवीला मात्र कितीतरी महिने काम मिळालं नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी तारनाक्याच्या गल्लीत तिला तातेराव दिसले. कौस्तुभच्या मित्रानं कुठून तरी खुर्ची मिळवून दिली होती. तीत भामाबाई बसल्या होत्या आणि तातेराव ढकलत होते. माधवी थांबली. त्यांनी तिला ओळखलं आणि खुर्ची रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवली.

तिला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी असती तर तिनंही खुर्ची वळवलीच असती.