तीस घरांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. समोर काचेची दोन दारं, आत वीतभर उंचीची मारियामाता, वर पितळी कडी. पाठीवर एक कागद डकवलाय, त्यावर स्पेनमधल्या कादिस शहरातल्या एकाच गल्लीतल्या तीस घरांची नावं आहेत. रोज संध्याकाळी एका घराने मला पुढच्या घरी पोचवायचं. एका घरात लागोपाठ दोन रात्री मी राहायचं नाही, आणि गल्ली सोडून रात्र काढायची नाही. एकतीस तारखेला काय करायचं, यावर १९५८ पासून वाद चालू आहे.

मला एका होड्या बांधणाऱ्या सुताराने घडवलं. त्यामुळे मी पाण्यावर तरंगते. कधी गरज पडली नाही, पण मनाला आधार वाटतो.

माझे दिवस सुखाचे होते. ज्या घरी जाईन तिथे माझ्यापुढे तेलाचा दिवा लागे. त्या घरातली भांडणं तेवढ्या रात्रीपुरती हळू आवाजात होत. मला आणणारीने दारात म्हणायचं, "मारिया परमपवित्र!" आतून उत्तर यायचं, "पापावाचून जन्मलेली!" उत्तर आल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी रीत होती.

मग उत्तरं कमी होऊ लागली. म्हातारी माणसं गेली. त्यांच्या घरांना आकड्यांची कुलुपं लागली आणि त्यात आठवड्यापुरते पाहुणे येऊ लागले. शेवटी तिसाव्या घरातली ओब्दुलिया तेवढी उरली, वय वर्षं चौऱ्याऐंशी.

तिने नियम मोडला नाही. ज्या घराची पाळी असेल त्याच्या बंद दारापाशी ती मला नेई, अर्धं वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणे आणि उरलेलं त्या घरच्या बाईच्या आवाजात. एन्कार्नाचा आवाज घोगरा, प्रुदेन्सियाचा नाकातला. मग मला परत आणून ती वेगळ्या जागी ठेवी. एन्कार्नाचं घर म्हणजे शिवणयंत्राशेजारी, प्रुदेन्सियाचं घर म्हणजे फ्रिजवर. अशी नऊ वर्षं गेली.

कधीकधी तिने दुसरा आवाज काढायच्या आधीच आत खुर्ची सरकल्याचं ऐकू येई. "पाहुणे," ओब्दुलिया म्हणे. मला दाराच्या फटीतून दिसे. आत कोणी नसे. खुर्ची मात्र हललेली असे.

मित्रांनो, एके दिवशी तिच्या मुलाचा, फर्मिनचा, फोन आला. "आई, दोनदा पडलीस. तीस तारखेला संध्याकाळी सातला गाडी घेऊन येतो. माद्रिदला चल."

"आणि पेटी?"

"आई, माद्रिदला पेट्या आहेत."

तीस तारखेला सकाळी तिने मला बाजाराच्या चाकांच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवलं. "चल," ती म्हणाली, "शहर बघू, पोटभर खाऊ, आणि सातच्या आत तुला कुणाच्या तरी पदरात घालू."

आधी चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गरम कांड्या, खाल्ल्या. तळणाऱ्या सेराफिनला तिने विचारलं, "महिन्यातून एक रात्र ठेवशील का रे हिला?"

"एक रात्र? आजी, माझी सासूही एकाच रात्रीसाठी आली होती."

मग आम्ही जुन्या बुरुजावर गेलो. जन्म त्याच्या सावलीत काढला, पण ओब्दुलिया वर कधी चढली नव्हती. निम्म्या जिन्यापासून दोन जर्मन मुलांनी आम्हा दोघींना उचलून नेलं. वर एक अंधारी खोली होती. छतातल्या भिंगातून अख्खं शहर खालच्या पांढऱ्या थाळ्यात उतरतं. होड्या, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, सगळं आवाजाशिवाय हलत होतं.

दाखवणारी मुलगी नोएलिया म्हणाली, "हे चित्र आत्ताचं आहे हं, जिवंत." तिने कोरा कागद थाळ्यावर धरून वर उचलला आणि चौकातली माणसं कागदावर चढून आली. सगळे हसले.

"माझी गच्ची दाखव गं पोरी," ओब्दुलिया म्हणाली.

नोएलियाने भिंग फिरवलं. गच्चीवर माणसं उभी होती, ओळीने, बुरुजाकडे तोंड करून. मी मोजली. एकोणतीस.

"आजी, पार्टी आहे की काय तुमच्याकडे?" नोएलियाने कागद सरकवला. गच्चीवरच्या चादरी कागदावर चढल्या, धुराडी चढली. माणसं काही चढली नाहीत. कागद त्यांच्या आरपार वर आला आणि ती खालीच उभी राहिली.

"भिंग पुसायला झालंय," नोएलिया म्हणाली.

दुपारी आम्ही समुद्रकाठी बसलो. कागदाच्या पुडक्यात तळलेले मासे, बारक्या कोळंबीचे कुरकुरीत वडे, एक लहान पेला वाइन. ओब्दुलियाची भूक काही मेली नव्हती. एक वडा तिने माझ्यापुढे ठेवला, तो समुद्रपक्ष्याने नेला.

"बघितलंस ना?" ती मला म्हणाली. "एन्कार्नाने माझीच शाल घातली होती. नऊ वर्षं शोधतेय."

सहापर्यंत तिने अकरा जणांना विचारलं. पाद्री म्हणाले, याद्या आता कॉम्प्युटरवर आहेत. औषधवाली म्हणाली, मला धुळीचं वावडं आहे. एकाने मला विकत मागितलं. त्याला तिने पिशवीचं चाक पायावरून फिरवून उत्तर दिलं.

सात वाजले. गल्लीच्या तोंडाशी फर्मिनचा हॉर्न वाजू लागला. तीस तारीख सरत होती, म्हणजे पुढची पाळी यादीतल्या पहिल्या नावाची, एन्कार्नाची. ओब्दुलियाने मला आकड्यांच्या कुलुपाच्या दारासमोर छातीशी धरलं. घर रिकामं करून झालं होतं, आज मला परत नेऊन ठेवायला शिवणयंत्रच उरलं नव्हतं.

"मारिया परमपवित्र!"

घोगरा आवाज काढायला तिने तोंड उघडलं. पण आवाज आतून आला.

"पापावाचून जन्मलेली! किती उशीर गं?"

कुलूप न वाजता दार उघडलं. साबणाचा वास असलेले गार हात पुढे आले.

ओब्दुलियाने मला त्या हातांत दिलं. मग म्हणाली, "रस्त्यात गर्दी होती. आणि माझी शाल दे."

"राहू दे, इथे थंडी असते. जा, पोरगा खोळंबलाय. तुझी पाळी तीस तारखेला."

"मी माद्रिदला चाललेय."

"कळलंय आम्हाला," एन्कार्ना म्हणाली. "आम्ही घेऊन येऊ."

मित्रांनो, माझी तक्रार अजिबात नाही. आता रोज संध्याकाळी दोन्ही अर्धी वाक्यं दोन वेगवेगळ्या बायका म्हणतात. माझी काच पुसली जाते. दिव्यात तेल नसतं, तरी तो जळतो. पण त्या सगळ्या फार काटेकोर आहेत. मी गल्लीबाहेर रात्र काढायची नाही, म्हणून सध्या त्यांच्यात ओब्दुलियालाच इकडे आणायला माद्रिदला रेल्वेने जावं की चालत, यावर चर्चा चालू आहे. ओब्दुलिया तिकडे सुनेला मासे तळायला शिकवतेय असं ऐकते. तिला अजून खूप शिकवायचंय, सून ढ आहे.

म्हणून एक विनंती. जुन्या वस्तूंना जपा, आणि जपणाऱ्या माणसांना त्याहून जास्त जपा. तुमच्यापैकी कोणी या गल्लीत राहायला आलात, तर कुठलंही दार ठोठावा, मला मागून घ्या, माझी पाठ वळवा, आणि यादीच्या शेवटच्या ओळीतलं ओब्दुलियाचं नाव खोडून तुमचं लिहा. महिन्यातून एका रात्रीचाच प्रश्न आहे.

जरा घाई करा. आज अठ्ठावीस आहे.