पासष्ट हजारांनंतर मी चुकलो

मी ओळी मोजणारा एक प्रोग्राम बोलतोय. काळ्या पडद्यावर फाइलचं नाव टाकलं, की तिच्यात ओळी किती ते सांगायचं, एवढीच माझी अक्कल.

१९९९ साली हिंगोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिवकन्येनं मला लिहिलं. ती हट्टा गावच्या लिंबाजी मेंढपाळाची लेक. क्लासची हजेरी मी बिनचूक मोजली, तेव्हा किती खुलली होती ती.

दोन वर्षांनी मेंढ्यांत देवीची साथ आली. लस देणाऱ्या एका संस्थेत शिवकन्या कामाला होती. जिल्ह्यातल्या शेळ्यामेंढ्यांची यादी तिनं माझ्यावर सोपवली. दर ओळीला एक जनावर: मालक, रंग, कानाची खूण. ओळी होत्या एक लाख पाच हजार तीनशे अठरा. पण माझ्या पोटात आकड्याला जागाच तोकडी. पासष्ट हजार पाचशे पस्तीसला ती भरते आणि मी मुकाट्यानं पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. मी सांगितलं, एकोणचाळीस हजार सातशे ब्याऐंशी. आकडा भरघोस दिसला, कोणाला शंका आली नाही. तेवढीच लस मागवली गेली. ती वाटेतल्या गावांतच संपली, हट्ट्याला पोचलीच नाही.

लिंबाजीचा कळप दोनशे बारांचा. रोज मेंढ्या मरू लागल्या. शिवकन्येनं यादीचे तुकडे करून मोजले, तेव्हा माझी खोड सापडली. तिनं बापाला संस्थेत बोलावून सगळं सांगितलं. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

लिंबाजी म्हणाला, "आमी इस मेंढ्यांमागं एक खडा खिशात टाकतो. खिसा भरला की थांबतो, दुसरा खिसा बघतो. तुझं हे काहून थांबलं न्हाई?"

"म्याच त्याला थांबायला शिकवलं न्हाई, आबा."

त्याच दिवशी तिनं माझ्या आकड्याची जागा वाढवली. तीही भरलीच, तर थांबून 'मोजता येत नाही' असं म्हणायला शिकवलं. आज मी संस्थेच्या जुन्या मशीनवर पडून आहे. कधी मी तसं म्हणालो तर माझ्यावर चिडू नका. ते म्हणायला मी फार उशिरा शिकलो.

त्या दिवशी दुरुस्ती झाल्यावर तिनं यादीतल्या बापाच्या ओळी वेगळ्या काढल्या. लिंबाजी मेलेल्या एकेकीची खूण सांगत गेला, ती ओळ पुसत गेली. शेवटी तिनं मला विचारलं, किती उरल्या. मी म्हणालो, सदतीस.

"बराबर हाय," लिंबाजी म्हणाला.