सुविधाची सही

आईच्या न्हाणीत एक जुना गिझर टांगलेला दिसला. मग त्याच्यावरचं कार्ड वाचलं आणि माझं डोस्कंच फिरलं. ‘तपासला, वापरण्यास सुरक्षित.’ खाली माझी सही. मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन, बेळगावात माझं काम चालतं, आणि हा गिझर मी जन्मात बघितला नव्हता.

“खडेबाजारातनं आणलाय,” आई म्हणाली. तानीबाई तिचं नाव, कडोलीत एकटी राहते. “मला वाचाय येत न्हाय, पण तुझी सही वळखू येती की. आपल्या घरात तुझ्याआधी सगळ्यांचे अंगठेच.”

नळाला टेस्टर लावला तर दिवा लागला. मेन बंद करून झाकण उघडलं. आत अर्थिंगची तार कापून टाकलेली. म्हणजे नळात उतरलेला करंट जमिनीत जायचा रस्ताच बंद, तो आईच्या ओल्या हातातनं जाणार.

“नळ धरल्यावर मुंग्या येत न्हाईत तुला?”

“येतात की, चार दिस झाले. वात असंल म्हणून तेल चोळते.”

“मग मला फोन करायचा न्हाईस?”

“तू तपासलंयस म्हटल्यावर गिझरात काय असणार गं? माझ्याच हाताला काय तरी झालं असंल म्हटलं.”

मला खरं तर रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो संताप. गिझर सोडवून ठेवला, कार्ड पर्समध्ये घातलं आणि थेट खडेबाजारातलं परशरामचं दुकान गाठलं.

हा परशराम जुन्या वस्तू विकतो. दोन महिन्यांपूर्वी त्यानं मला एक गिझर तपासायला बोलावलं होतं. मी तासभर खपून तपासला, कार्डावर गिझरचा नंबर घातला, सही केली. शहाण्यानं नंबरावर पांढरी पट्टी चिकटवून झेरॉक्स मारल्या. आता दुकानातले गिझर, इस्त्र्या, मिक्सर, सगळ्यांच्या गळ्यात माझी सही. एका पंख्याला तर वायरच नव्हती, त्यालाही मी सुरक्षित ठरवलं होतं.

“रागावू नका ओ आक्का,” म्हणतो. “तुमच्या नावावर माल चालतोय. तुमचीच जाहिरात हाय की.”

“माझ्या आईला मारलं असतंस रं.”

“काय झालं तर न्हाय न्हवं?”

मी एकेक कार्ड ओढून काढलं. विकलेला माल कुणाकडं गेला विचारलं, तर म्हणे जुन्या मालाची बिलं कोण ठेवतंय. ठाण्यात तक्रार देणारच होते, पण तक्रारीनं कुणाचा गिझर बंद होत नाही.

तिथंच उभी राहून कार्डाचा फोटो काढला. खाली मराठीत आणि कन्नडात लिहिलं, ‘ही सही दिसली तर वस्तू लगेच बंद करा. मी ती तपासलेली नाही. सुविधा.’

“इचार करा,” परशराम मागनं म्हणाला. “उद्या तुमच्या खऱ्या सहीला पण कोण इचारणार न्हाय.”

एवढं मात्र तो खरं बोलला. मी फोटो गावोगावच्या ग्रुपांवर टाकला.

संध्याकाळी सदलग्याहून एका बाईचा फोन आला. “मॅडम, पोरीनं फोटो दावला. आमच्या गिझरवर बी तुमची सही हाय. ती बघूनच तर धीरानं वापरालोय ओ.”

“आधी बटण बंद करा. माझ्या सहीवर जाऊ नका.”

“पण सही तुमचीच हाय न्हवं?”

“व्हय बाई,” मी म्हटलं, “माझीच हाय. बंद करा.”