गुंजीचं प्रकाशन

"अण्णा, पेपरात चार छापलंया. आमचं तर दहाला हाय."

रविवारी सकाळी सव्वासातला हा फोन आला तेव्हा भरमूनं अंक उघडलाही नव्हता. फोनवर गुंजीचे रवळूआप्पा घाडी होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच भरमूला ते जास्त लागलं. त्यानं पान उलटलं. 'आजचे कार्यक्रम' या त्याच्याच सदरात आधी संकेश्वरचं साहित्य संमेलन होतं आणि त्याखाली गुंजीच्या भजनांच्या पुस्तकाचं प्रकाशन. संमेलनाची दुपारी चारची वेळ खालच्या ओळीतही तशीच उतरली होती.

बेळगावच्या एका दैनिकात भरमू बावीस वर्षं हे सदर करत होता. नवी पुस्तकं, गावोगावची संमेलनं, मैफली, भजनं. पूर्वी निमंत्रणपत्रिका यायच्या, आता व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर येतो. तो प्रत्येकाच्या दोन ओळी करायचा. त्याची पाळी दुपारी चारला सुरू व्हायची आणि कार्यक्रमही बहुतेक त्याच सुमाराला असायचे. रविवारची सकाळ वडगावात घरच्या मागावर साडी विणायला बायकोला हात देण्यात जायची. त्यामुळे आपण लिहिलेल्या एकाही कार्यक्रमाला तो कधी गेला नव्हता.

वेळ चारची करता येईल का, असं त्यानं चाचरत विचारलं. आप्पा म्हणाले, गावातली माणसं दहाला यायची हायत, त्यास्नी दुपारी कामं असत्यात. मग भरमूनं ऑफिसला कळवलं की आज पाळीला येणार नाही, बातमी फोनवरून पाठवतो. आणि गुंजीला जायला लोंढ्याकडची गाडी पकडली.

रवळूआप्पा रेल्वेत गँगमन होते. रुळांच्या कामावर गावोगाव फिरताना, कुठल्या गावात कुठलं भजन कुठल्या चालीत म्हणतात, हे त्यांनी तीस वर्षं वह्यांत उतरवून ठेवलं. त्या वह्यांचं हे पुस्तक. देवळाच्या मंडपात भरमू पोचला तेव्हा नऊ माणसं बसली होती, त्यातल्या पाच बायका. पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. बेळगावच्या निवृत्त प्राध्यापिका पद्मजाताई, ज्यांच्या हस्ते प्रकाशन व्हायचं होतं, त्या फोन उचलत नव्हत्या.

भरमूनं हात जोडून सगळं सांगितलं. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नव्हे, असंही म्हणाला.

"चुकतंय माणसाचं," आप्पा म्हणाले. "आलासा न्हवं? बसा."

साडेदहापर्यंत वाट बघून आप्पांनी बायकोकडं पाहिलं. "तूच सोड."

जयाबाई नको नको म्हणत उठल्या. पदराला हात पुसून त्यांनी पुस्तकावरचा दोरा सोडला, लाल कागद न फाडता उलगडला आणि पुस्तक सगळ्यांना दिसेल असं छातीशी धरलं. मग आप्पा टाळ घेऊन गायला बसले. आवाज म्हातारा होता, पण वर चढताना कुठं अडखळत नव्हता. एकाच अभंगाच्या तीन गावच्या तीन चाली त्यांनी एकापाठोपाठ म्हटल्या. तिसरी चाल ज्या गावची, तिथं ती म्हणणारं आता कुणी राहिलं नाही, असं त्यांनी मध्येच साधेपणानं सांगितलं आणि पुढं गात राहिले. 'भजन होईल' हे दोन शब्द भरमूनं हजारदा लिहिले असतील. त्यात हे असतं, हे त्याला आज कळलं. एवढं ऐकायला नऊच माणसं होती आणि दहावा तो. त्याची मान खाली गेली.

दुपारी आप्पांनी त्याला घरी जेवायला नेलं. चारला दहा मिनिटं असताना देवळाशी गाडी थांबली. पद्मजाताई उतरल्या, मागून शहरातली आणखी सहा-सात मंडळी. पेपरात चार वाचलं, म्हणजे वेळ बदलली असेल असं त्यांना वाटलं होतं. सकाळी फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता. खरी गोष्ट समजल्यावर त्या ओशाळल्या.

आप्पा म्हणाले, त्यात काय, पुन्ना करू. जयाबाईंनी तोच लाल कागद जुन्या घड्यांवर दुमडला, पुस्तक आत ठेवलं, दोरा बांधला आणि ताईंच्या हातात दिलं. ताईंनी ते सोडलं. फोटो झाले. पुस्तकाविषयी त्या मनापासून आणि नेमकं बोलल्या, मग आप्पांना गायचा आग्रह केला. सकाळी गाऊन आप्पांचा गळा बसला होता. दुसऱ्या कडव्यालाच आवाज फाटला आणि बाकीचं बायकांनी पुरं केलं.

"छान झालं, नाही?" ताईंनी भरमूला विचारलं.

सकाळी तुम्ही असायला हवं होतं, हे त्याच्या ओठांवर आलं. पण ते म्हणायचा हक्क त्याला नव्हता. तो "व्हय" म्हणाला.

निघताना आप्पा त्याला वाटेपर्यंत सोडायला आले. "बातमीत ताईंच्या हस्ते म्हणून लिव्हा. मोठं नाव हाय, पुस्तकाला बरं."

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. भरमूनं बाकावर बसून फोनवर बातमी लिहिली, आप्पांनी सांगितली तशी. वाचली आणि पुसून टाकली. पुन्हा लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडला. त्यानं आप्पांना फोन लावला.

"आप्पा, ताईंचं भाषण लिवतो, नावासकट. पण पुस्तक पैल्यांदा सोडलं ते वैनींनी. त्यांचं पूर्ण नाव काय?"

"तिलाच इचारा," आप्पा म्हणाले. मग फोन जयाबाईंकडं गेला. माझं नाव कशाला, असं त्या दोनदा म्हणाल्या. भरमू थांबून राहिला.

"जयाबाई रवळू घाडी," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यानं एकेक अक्षर म्हणून दाखवत लिहिलं. बरोबर आहे का, विचारलं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "सही बी तशीच करते मी."